घरची शुश्रूषा : शहाळे देण्याआधी विचारा

तारकर्ली म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. या पट्टीवर माड उभे आहेत. घरात पैसा असो वा नसो, दारात शहाळे असतेच. त्यामुळे कोणी आजारी पडले की सर्वांच्या आधी आठवतो तो माड. शेजारचे काका सकाळीच चार शहाळी उतरवून आणतात, पडवीत ठेवतात आणि सांगतात, "शहाळ्याचा पाणी पाजा तेंका, ताकद येतली."

यात माया आहे. एरवी तापातून उठलेल्या माणसाला शहाळे चांगलेच. परंतु आत निजलेल्या माणसाची मूत्रपिंडे निकामी होत आली असतील, तर हेच पाणी त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आज मूत्रपिंडाच्या व लघवीच्या आजारात घरच्या माणसांनी काय करावे आणि काय करू नये, ते पाहू.

मूत्रपिंडाचे काम

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. ती दिवसभरात साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळून घेतात, त्यातले बहुतेक सर्व परत रक्तात सोडतात आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर टाकतात. तिच्याबरोबर शरीरातला कचरा आणि जास्तीचे क्षार जातात.

भाताच्या खाचराला आपण जास्तीचे पाणी काढून द्यायला बांधात तोंड ठेवतो. ते तोंड बुजले की चांगला पाऊससुद्धा रोपे कुजवतो. मूत्रपिंड बिघडले की शरीराचे तसेच होते. पाणी तुंबून पाय सुजतात, डोळ्यांखाली सूज येते, धाप लागते. पोटॅशियम नावाचा क्षार साठला तर हृदयाचा ठोका चुकतो, आणि कधी कधी फारशी पूर्वसूचना न देता हृदय बंद पडते. शहाळ्याच्या पाण्यात हाच क्षार भरपूर असतो. पथ्यावरच्या रोग्याला दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून सुमारे दोन ते अडीच ग्रॅम पोटॅशियमची मर्यादा असते. एका मोठ्या शहाळ्यात पाऊण ग्रॅमपर्यंत असू शकते. दोन शहाळी पाजली की हिशेब कोठे जातो, ते ध्यानात येईल.

आजार एक नव्हे

"किडनीचा त्रास आहे" एवढे ऐकून शुश्रूषा सुरू करू नये. कोणता त्रास, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. कारण एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष ठरते.

मूतखडा : कुशीतून जांघेकडे जाणारी जीवघेणी कळ येते. अशा रोग्याने एरवी भरपूर पाणी प्यावे, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतके. कळ चालू असताना मात्र तांब्यावर तांब्या पाजून उपयोग नाही. तेव्हा वेदना थांबवणारे औषध डॉक्टरांकडून घ्यावे. लघवी पातळ फडक्यातून गाळावी आणि खडा सापडल्यास जपून डॉक्टरांना दाखवावा. आपल्याकडे कुळथाचे कढण देतात. अन्न म्हणून ते चांगले, पोटात पाणीही जाते, पण मोठा खडा त्याने विरघळेल या भरवशावर बसू नये. कळ आणि थंडीताप एकदम आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उन्हाळी लागणे : लघवीला जळजळ आणि वारंवार थेंब थेंब होणे. पुष्कळदा हे जंतूंमुळे होते आणि बायकांना अधिक होते. दिवसभर शेतात वाकलेली किंवा बाजारात मासळी घेऊन बसलेली बाई आडोसा नाही म्हणून लघवी दाबते, आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. तिला आळशी किंवा नाजूक म्हणू नये. तिच्यासाठी आडोशाची सोय करावी. दिवस गेलेल्या बाईला जळजळ झाली तर घरगुती उपायात वेळ घालवू नये.

लघवी अडणे : उतारवयातल्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून हे होते. ओटीपोट फुगले, कळा येत आहेत आणि लघवी होत नाही, तर पाणी पाजत बसू नये. रात्र असली तरी निघावे.

मूत्रपिंड एकाएकी बंद पडणे : कोकणात याचे एक कारण भातलावणीच्या दिवसांत भेटते. ते म्हणजे लेप्टो. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून हे जंतू चिखलात येतात व पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ आणि लघवी कमी होणे ही लक्षणे. वेळेवर उपचार मिळाले तर मूत्रपिंडे बहुधा पुन्हा कामाला लागतात. म्हणून लावणीच्या दिवसांतला ताप अंगावर काढू नये. जखमेवर पट्टी आणि पायात गमबूट असावेत. आरोग्यसेवक प्रतिबंधक गोळ्या देतील त्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात.

मूत्रपिंड हळूहळू निकामी होणे : याचे मूळ बहुतेक वेळा जुना मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब असते. अंगदुखीसाठी दुकानातून स्वतःच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि कशापासून बनवले ते ठाऊक नसलेली औषधे यांनी बिघाड आणखी वाढतो. घरच्यांची खरी कसोटी या आजारात लागते.

एक चोपडी घाला

हळूहळू निकामी होणाऱ्या मूत्रपिंडाच्या रोग्यासाठी शंभर पानांची वही आणि एक वजनकाटा एवढे भांडवल पुरते. वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : वजन, लघवी, पोटात गेलेले पाणी आणि रक्तदाब मोजला असल्यास तो.

वजन सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर आणि तशाच कपड्यांत करावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एका दिवसात किलोभर वजन वाढले तर ते अंग धरल्याचे लक्षण नसून पाणी साठल्याचे आहे. घरचे म्हणतात, "चेहरा भरला, तब्येत सुधारली." ती सूज असते.

लघवी मोजायला खुणांचे प्लॅस्टिकचे मापटे वेगळे ठेवावे. सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी, त्यानंतरची प्रत्येक मोजावी, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी धरून बेरीज करावी. चोवीस तासांत चारशे मिलिलिटरहून कमी भरली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

पाणी किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. लघवी कमी होणाऱ्या रोग्याला साधारणपणे आदल्या दिवशीच्या लघवीइतके आणि वर अर्धा लिटर, असा हिशेब असतो. वैशाखातल्या घामात तो बदलतो. एक युक्ती करावी. दिवसाचे ठरलेले पाणी सकाळीच एका बाटलीत भरावे. रोग्याला चहा, ताक, आमटी किंवा पेज दिली की तेवढेच पाणी बाटलीतून ओतून टाकावे. आपल्याकडे पेजेला जेवण समजतात. पण वाडगाभर पेजेत बहुतांश पाणीच असते. तहान फार लागली तर चूळ भरू द्यावी, बर्फाचा लहान खडा चघळायला द्यावा आणि तोही हिशेबात धरावा. पेला लहान असावा. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणताना घरच्या माणसाचा जीव तुटतो, हे खरे. पण रागावून न सांगता बाटली दाखवून सांगितले की रोगीही हिशेबात सामील होतो.

मालवणी स्वयंपाकघरात पथ्य

मीठ कमी म्हणजे नुसते वरून घ्यायचे मीठ नव्हे. खारे बांगडे, सुकट, गोलमा, लोणची, पापड यांत मीठ भरलेलेच असते. आगळ टिकावे म्हणून त्यातही मीठ असते, म्हणजे सोलकढीबरोबर ते पोटात जाते. सैंधव हेही मीठच. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणारे मीठ तर मुळीच आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. रोग्याच्या वाटणीचे कालवण आधी बाजूला काढून मग बाकीच्यात मीठ घालावे. तिरफळ, लसूण, मिरी, आले यांनी चव येते.

भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर कोमट पाण्यात भिजत ठेवाव्यात. ते पाणी फेकून दुसऱ्या पाण्यात शिजवाव्यात आणि तेही पाणी ओतून द्यावे. केळी, बटाटा, टोमॅटो, सुकामेवा हे विचारल्याशिवाय देऊ नयेत. करमळ, म्हणजे आडवे कापले की चांदणीसारखे दिसणारे फळ, अशा रोग्याला एक फोडही देऊ नये. त्याने उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात आणि माणूस दगावूही शकतो.

ताजी मासळी किती, हे पुन्हा डॉक्टरांनाच विचारावे. डायलिसिस नसताना मासळी, अंडी, डाळ यांना माप असते. डायलिसिस सुरू झाल्यावर तीच अधिक द्यावी लागतात. एकदा दिलेला पथ्याचा कागद कायमचा समजू नये.

मधुमेही रोग्याबद्दल आणखी एक. मूत्रपिंड थकले की इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीरात जास्त वेळ राहतात आणि साखर एकदम उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले आणि रोगी गिळू शकत असेल तर लगेच साखर द्यावी. त्या घाईतही शहाळे किंवा फळांचा रस नको. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे.

लघवीची नळी असलेला रोगी

नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पिशवी कायम कमरेच्या खाली टांगावी, पण वाळूवर किंवा जमिनीवर टेकू देऊ नये. पिशवी उंच धरली तर लघवी उलटी फिरते. दोनतृतीयांश भरली की रिकामी करावी. नळी मांडीला चिकटपट्टीने सैल बांधावी, तिला पीळ पडू देऊ नये. बाहेरचा भाग रोज साबण-पाण्याने, शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसावा. आत फुगा असतो, म्हणून नळी कधीही ओढू नये. लघवी थांबली, रक्त आले किंवा हुडहुडी भरून ताप आला तर दवाखाना गाठावा.

डायलिसिस आणि फिस्तुला

रक्त बाहेर काढून यंत्रात गाळण्याची ही रीत नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली महायुद्धाच्या धामधुमीत उभी केली. आज बहुतेक रोग्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर झोपावे लागते. म्हणजे तारकर्लीहून मालवण, तेथून कसाल, ओरोस असा प्रवास आणि सोबतच्या माणसाचा दिवस मोडला. म्हणून सोबतीची पाळी घरात आधीच ठरवावी. सगळा भार एकट्या सुनेवर टाकू नये.

यंत्रासाठी हातावर जोडलेल्या शिरेला फिस्तुला म्हणतात. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू नये, त्या हाताने घागर उचलू नये. रोज सकाळी तेथे बोट ठेवून थरथर लागते का पाहावे. थरथर बंद झाली तर वाट न पाहता केंद्राला कळवावे.

खर्चाच्या भीतीने उपचार सोडू नयेत. केंद्र सरकारने २०१६ साली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेतही डायलिसिस येते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

यांपैकी काही दिसले तर थांबू नका

लघवी बंद होणे, आडवे झाल्यावर गुदमरणे, उलट्या आणि न थांबणारी उचकी, पायातले बळ एकाएकी जाणे, छातीत धडधडणे, गुंगी येणे किंवा असंबद्ध बोलणे, झटके येणे. यांपैकी एकही दिसले तर गाडी काढावी आणि वही बरोबर न्यावी. ती पाहून डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

राहिली ती काकांनी आणलेली शहाळी. त्यांना परत पाठवू नका, मायेचा अपमान होतो. पडवीत बसवून हळूच सांगा, "काकांनू, डॉक्टरांनी पाण्याचा माप घालून दिल्यानी हा. शहाळी आमी पितंव, तुमी तेंच्याकडे जरा बोलत बसा." आजारी माणसाला शहाळ्यापेक्षा ती घटकाभराची सोबतच अधिक हवी असते. आणि काका उद्या दुसऱ्या घरी शहाळे नेताना आधी विचारतील.

पुढील आठवड्यात : अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ कशी जपावी.