साक्ष दिल्यावर घरी कोण नेणार?

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी आई, पाऊस, मैत्री आणि सबमिशन या चार विषयांवर भरपूर लिहून येतं. त्यात गैर काहीच नाही. पण यंदा मी असा विषय घेतलाय जो आपण होस्टेलच्या रूममध्येसुद्धा दार लावून, हळू आवाजात बोलतो. घरातल्याच माणसाने ज्या लेकरावर अत्याचार केला, त्या लेकराने कोर्टात उभं राहून त्याच माणसाविरुद्ध साक्ष द्यायची, हा तो विषय. वाचायला नको वाटेल, पण तरी वाचा.

मी हिंगोलीची आणि शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे 'गुड टच, बॅड टच' हे शब्द मला आधी इंग्रजीत कळले. मराठीत त्याला नेमकं काय म्हणायचं ते अजूनही अडखळतच सांगते. वर्गात चार्ट लावून शिकवायचे : नाही म्हणा, पळा, आईला सांगा. चांगलंच होतं ते. फक्त चार्टवरचा वाईट माणूस नेहमी चॉकलेट घेऊन आलेला अनोळखी इसम असायचा आणि चार्ट 'आईला सांगा' या वाक्यावर संपायचा. तो माणूस आईच्या शेजारी बसून जेवणारा असेल तर काय करायचं, हे कुठल्याच चार्टवर नसतं.

आता आकडे बघा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यातले निम्मे अत्याचारी ओळखीचे किंवा विश्वासातले होते. नॅशनल क्राइम रेकॉर्ड ब्युरोचे अहवाल काढून पाहिले तर पॉक्सोखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षे ९० टक्क्यांच्या वर आहे. ओळखीच्यात शेजारी, मालक असे बरेच येतात हे मान्य. पण त्यात बाप, काका, मामा, चुलतभाऊही येतात. म्हणजे ज्या अनोळखी माणसाची आपण धास्ती घेतो, तो या यादीत सगळ्यात शेवटी आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की लहान मुलाची साक्ष कोर्टात चालतच नाही. हे चूक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११८ मध्ये साक्षीदाराला वयाची अट नव्हती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही नाही. प्रश्न समजतो का आणि त्याला समजून उत्तर देता येतं का, एवढंच न्यायाधीश बघतात. १९५१ साली रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आठ वर्षांच्या मुलीची साक्ष होती. तिला शपथ दिली नव्हती म्हणून ती बाद करा, असा मुद्दा निघाला. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी तो मान्य केला नाही. त्या साक्षीला दुजोरा कशाचा धरला माहीत आहे? घटनेनंतर मुलीने आईला जे सांगितलं होतं आणि आईने कोर्टात जे सांगितलं, त्याचा. थोडक्यात, तिथे आई मुलीच्या बाजूने उभी होती. माझा सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे. आई उभी राहिली नाही तर?

१४ नोव्हेंबर २०१२ ला, म्हणजे बालदिनालाच, पॉक्सो कायदा लागू झाला. मी तो सगळा वाचून काढला. कायद्याची भाषा रुक्ष, पण त्यातली कलमं वाचताना कोणीतरी खरंच लेकराचा विचार केलाय असं जाणवतं. पोलिसांनी जबाब घेताना युनिफॉर्म घालायचा नाही आणि जमेल तिथवर महिला अधिकाऱ्यानेच तो घ्यायचा. कोर्टात वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. दरडावायचं नाही, चारित्र्यावर घसरायचं नाही, मधेमधे सुट्टी द्यायची, पुन्हापुन्हा कोर्टात बोलवायचं नाही. सुनावणी बंद दाराआड. साक्ष देताना मुलाला आरोपी दिसता कामा नये. त्यासाठी पडदा, एका बाजूनेच दिसणारी काच किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. आपल्याकडच्या एका खटल्यात अत्याचार झालेल्या मुलीला बोलता-ऐकता येत नव्हतं आणि समजही कमी होती. तिची साक्षच झाली नाही, म्हणून हायकोर्टाने आरोपीला सोडून दिलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि प्रत्येक हायकोर्टाच्या हद्दीत अशा साक्षीदारांसाठी निदान दोन वेगळी साक्ष केंद्रं उघडा असा आदेश दिला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्र राज्य पक्षकार असलेल्याच दुसऱ्या प्रकरणात, हे केंद्र देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात हवं असं न्यायालयाने सांगितलं. प्रत्येक जिल्ह्यात म्हणजे आपल्या हिंगोलीतसुद्धा.

इथपर्यंत वाचून बरं वाटतं. आता आपल्या जिल्ह्यातलं एक लेकरू डोळ्यांपुढे आणा. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातली एखादी वाडी. आरोपी सख्खा काका. तारखेला त्या लेकराला एसटीत बसवून हिंगोलीला कोण आणणार? हळद काढायच्या, शिजवायच्या दिवसांत मजुरी बुडवून सोबत कोण येणार? आई येईल, आजी येईल. आईला नवऱ्याच्या भावाविरुद्ध जायचंय. आजीला तर स्वतःच्या पोराविरुद्ध. रस्ताभर त्या लेकराच्या कानावर काय पडत असेल?

कायद्याने आरोपी आणि लेकरू यांच्यामध्ये पडदा लावला. परका आरोपी असेल तर तो पुरतो. घरातला आरोपी असेल तर त्याची माणसं पडद्याच्या अलीकडे, लेकराच्याच बाजूला, त्याचा हात धरून बसलेली असतात. तक्रार नोंदवल्याच्या दिवसापासून साक्षीच्या दिवसापर्यंत लेकरू ज्या घरात जेवतं, झोपतं, तिथे पडदा नाही. आणि कायद्यात ३० दिवस लिहिलेले असले तरी तारखा कशा पडतात हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. तेवढ्या काळात दिवाळी येते, लग्नं येतात, आणि 'एवढं मिटवून टाका' म्हणणारे चार जाणते येतात.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की लहान मुलं पढवलेली असतात, भाऊबंदकीत शेतीच्या वादावरून खोट्या केस होतात. होत नाहीत असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९८३ ते १९९० या काळात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीचा खटला गाजला. मुलांना इतके सूचक प्रश्न विचारले गेले की त्यांच्या सांगण्यावर विसंबता येईना, आणि कोणालाच शिक्षा झाली नाही. म्हणून आपलीही न्यायालयं मुलाची साक्ष सावधपणे तपासतात, आणि ते योग्यच आहे. समोर एखादा निर्दोष माणूसही असू शकतो. पण पढवणं दोन्ही बाजूंनी होतं हे आपण विसरतो. घरातल्या गुन्ह्यात लेकराला 'असं सांग' म्हणून जितकं पढवलं जात असेल, त्याहून जास्त 'सांगू नको' म्हणून पढवलं जातं, असं मला वाटतं. साक्ष फिरली की आपण म्हणतो पोरगं खोटं बोलत होतं. त्याला फिरवलं कोणी, हे विचारायचं राहून जातं.

कडक शिक्षेने हे सुटेल असंही वाटत नाही. नातेवाइकाने केलेला गुन्हा पॉक्सोत जास्त गंभीर धरलाय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बलात्काराला किमान २० वर्षं, जास्तीत जास्त मृत्युदंड आहे. गुन्हा तेवढा मोठा आहेच. पण घरात या आकड्याचं काय होतं? 'तुझ्या एका शब्दाने बाप जन्मभर आत जाईल, मग आपण खायचं काय?' नऊ वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर पूर्ण घराचा लोड. एवढा लोड आपण कॉलेजच्या लॅबमध्ये लोखंडी सळईवरसुद्धा हिशोब करून टाकतो.

मग करायचं काय? आइसलँडने १९९८ मध्ये 'बार्नाहुस', म्हणजे मुलांचं घर, सुरू केलं. तिथे प्रशिक्षित व्यक्ती साध्या घरासारख्या खोलीत मुलाशी बोलते, बाकीचे दुसऱ्या खोलीतून बघतात आणि रेकॉर्डिंग होतं. मुलाला तेच ते दहा ठिकाणी सांगावं लागत नाही. नंतर इतर नॉर्डिक देशांनीही ते उचललं. लवकर साक्ष झाली की फिरवायला वेळच उरत नाही. आपल्या कायद्यातले ३० दिवस खरे झाले तरी बरंच साधेल.

दुसरी गोष्ट आपल्या २०२० च्या पॉक्सो नियमांत आधीच लिहिलेली आहे. आरोपी त्याच घरात राहणारा असेल तर पोलिसांनी २४ तासांत मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. त्याला त्या घरात ठेवायचं की नाही, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं. तपास आणि खटला संपेपर्यंत सोबत राहायला समिती एक सपोर्ट पर्सन देऊ शकते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच सपोर्ट पर्सनच्या व्यवस्थेवर जोर दिला. माझ्या मते सगळा खटला या एका माणसावर उभा राहतो किंवा पडतो. तारीख काय आहे, कोर्टात कोण कुठे बसतं, 'आठवत नाही' म्हटलं तरी चालतं, हे लेकराला सांगणारं कोणीतरी हवं. तांड्यावरचं लेकरू गोरमाटी बोलत असेल तर त्याचा शब्द कोर्टाला कळायला दुभाषी मागणारं कोणीतरी हवं. आणि संध्याकाळी त्याला सुरक्षित जागी पोहोचवणारंही तेच.

कायद्यात एक शब्दप्रयोग मला फार महत्त्वाचा वाटला. साक्षीच्या वेळी सोबत कोण बसणार, तर आईवडील 'किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशी दुसरी कोणी व्यक्ती'. ही दुसरी व्यक्ती अंगणवाडीताई असू शकते, गणिताचे सर असू शकतात, शेजारची मावशी असू शकते. आईने पाठ फिरवली तरी कायद्याने दार बंद केलेलं नाही. फक्त त्या दारात उभं राहायला कोणी तयार पाहिजे. 'दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला काय करायचं' असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की माहीत असून कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आपलं एनएसएसचं शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात जातं. आपण श्रमदान करतो, पथनाट्य करतो, व्यसनमुक्तीच्या घोषणा देतो. यंदा एक पथनाट्य या विषयावर करूया. पण त्यात नुसतं 'मुलांनो, बोला' म्हणून थांबायचं नाही. बोलल्यावर काय होतं तेही सांगायचं : १०९८ ला फोन फुकट लागतो, पोलीस साध्या कपड्यांत येतात, काका समोर दिसणार नाही, सोबत आपलं माणूस बसेल. मुलांना हे सांगून झालं की मोठ्यांकडे वळायचं आणि विचारायचं, या गावात 'दुसरी कोणी व्यक्ती' व्हायला कोण तयार आहे? किमान एक हात वर झाला पाहिजे. नाही झाला, तर पुढच्या वर्षी त्याच गावात पुन्हा जायचं.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स