फोचा वाडगा महाग कसा?



सॅन होजेतल्या व्हिएतनामी खाणावळींत पाणचट सूपचे भरमसाट पैसे घेतात, ही गेल्या अंकातल्या पत्रातली तक्रार वाचून राहवलं नाही. फोचं, म्हणजे या व्हिएतनामी नूडल-सूपचं, मोल नूडल्सच्या ढिगावरून ठरत नाही, ते रश्शात असतं. बीफची हाडं आधी उकळून ते पाणी फेकून देतात, मग नव्या पाण्यात ती तासन्‌तास मंद आचेवर ठेवतात. त्यात विस्तवावर काळपट भाजलेला कांदा, आलं, शिवाय चक्रीफूल, दालचिनी. फेस सारखा काढत राहावं लागतं, म्हणून तर रस्सा नितळ दिसतो. नितळ म्हणजे पाणचट नव्हे! सोबतची थाई तुळस, मुगाचे लांब मोड, लिंबू, मिरची यांचे सहसा वेगळे पैसेही लावत नाहीत.

साध्या फोलाही जाणकारांची दाद मिळते: मिशेलिन या खाणावळींच्या मार्गदर्शिकेने २०२३ साली हनोईची पहिली यादी काढली, तेव्हा माफक दरातल्या उत्तम जेवणासाठीचा ‘बिब गुरमाँ’ हा मान फोच्या साध्या दुकानांनाही मिळाला.

तयार भुकटीचा रस्सा देणाऱ्यांना पत्रलेखकांनी जरूर झोडपावं, मी पत्रलेखकांच्याच बाजूने उभा राहीन. पण हॉइसिन सॉस ओतण्याआधी एक चमचा रस्सा नुसता पिऊन बघावा आणि मगच किमतीबद्दल बोलावं.

– एक वाचक, सॅन होजे