अक्कांची पिशवी
बंगळुरूत जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्कांनी परवा पीएफचे कागद माझ्यासमोर पसरले. गार्मेंट कारखान्यात बावीस वर्षं मशीन चालवली त्यांनी. बोटांवर सुईचे व्रण अजून दिसतात. आधारवर पूर्ण नाव, कारखान्याच्या नोंदीत नुसतं आद्याक्षर. तेवढ्यावरून दावा दोनदा परत आला, आणि दुरुस्तीवर सही देणारा कारखाना केव्हाच बंद पडलाय. पैसे दरमहा त्यांच्याच पगारातून कापलेले, आणि ते आपले आहेत हे सिद्ध करायचं त्यांनीच! मला याचा संताप येतो. एप्रिल २०१६ मध्ये याच शहरातल्या हजारो गार्मेंट कामगार बायका होसूर रोडवर उतरल्या, त्या उगाच नव्हे. मालकाचा वाटा वयाच्या ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्राने आणला होता. आजारपण, मुलीचं लग्न, थकलेलं घरभाडं यांना तोवर थांबा म्हणून कसं सांगायचं? १९ एप्रिलला सरकारने तो नियम मागे घेतला. पेन्शनचं दुखणं मात्र तसंच राहिलं. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम तिकडे वळते. २०१४ साली मर्यादा १५,००० रुपये पगाराची ठरली, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. त्याच वर्षी किमान पेन्शन ठरली १,००० रुपये. एका म्हातारीची महिन्याची औषधंसुद्धा त्यात बसत नाहीत. अक्का उद्या पुन्हा पीएफ ऑफिसला निघाल्यात. पगाराच्या जुन्या स्लिपा रबर लावून पिशवीत ठेवल्यात, सोबत मीही जाणार आहे.