‘पटत नसेल तर लिहू नका’ हे उत्तर पुरेसे नाही

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवणारा, म्हणजे गेममास्टर. बाकीचे आपापले पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरतात. पात्राने दरीवरून उडी मारली तर ते पलीकडे पोचले की खाली गेले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने 1974 मध्ये अमेरिकेत या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांची सुरुवात केली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, ऑगस्ट 2014 मध्ये, डेव्हिड एफ. चॅपमन या ब्रिटिश खेळरचनाकाराने ‘आरपीजी अ डे’ हा उपक्रम सुरू केला. महिन्याचे 31 दिवस, 31 प्रश्न आणि रोज एकाचे उत्तर. फी नाही, नावनोंदणी नाही, बक्षीस नाही. या छंदाबद्दल लोकांनी आनंदाने बोलावे, एवढाच हेतू. तरीही प्रश्नांवर टीका होत आली आहे, आणि तिला मिळणारे ठरलेले उत्तर असे: फुकटचा मामला आहे, पटत नसेल तर लिहू नका. आपल्याकडेही ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असे म्हणून मागणाऱ्याला गप्प करता येते. माझ्या मते हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही, आणि त्याने उपक्रमाचेच नुकसान होते.

पहिल्या वर्षीची यादी पाहा. सुरुवात सुंदर आहे: तुम्ही खेळलेला पहिला खेळ कोणता, गेममास्टर म्हणून चालवलेला पहिला खेळ कोणता. पण लगेच तिसऱ्या दिवशी पहिली खरेदी आणि चौथ्या दिवशी सर्वांत अलीकडची खरेदी. पुढे तुमच्या संग्रहातला सर्वांत जुन्या वळणाचा खेळ, सर्वांत विचित्र खेळ, सर्वांत गुंतागुंतीचा खेळ, संमेलनात केलेली उत्तम खरेदी, जुन्या पुस्तकांतली उत्तम खरेदी आणि तिसाव्या दिवशी संग्रहातला सर्वांत दुर्मीळ खेळ. योगायोग असा की त्याच महिन्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे ‘प्लेअर्स हँडबुक’ आले. किंमत 49.95 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने तीन हजार रुपये, आणि मुख्य पुस्तके तीन. प्रकाशकांनी मूळ नियम जुलैमध्येच फुकट उपलब्ध करून दिले होते, त्यामुळे एक पैसाही खर्च न करता वर्षभर खेळणे शक्य होते. मित्राच्या पुस्तकावर, छापून घेतलेल्या चार पानांवर खेळणारा माणूस कसलेला खेळाडू असू शकतो. मग तो पुण्याचा असो की लंडनचा, या यादीपुढे आठवडाभर तरी त्याला सांगण्यासारखे काही उरत नाही. त्याला कोणी मनाई केलेली नाही हे कबूल. पण या छंदात कोणाचे अनुभव मोजायचे, ते यादीने न बोलता ठरवून टाकलेले असते. हे कोणी दाखवून दिले तर ती कुरकुर ठरत नाही. उपक्रम ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातलाच तो माणूस बोलत असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो कष्टांचा. एक माणूस पदरमोड करून हे करतो, त्याला धारेवर का धरायचे? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच टीका यादीवर हवी, माणसावर नको. ‘तिसावा प्रश्न संग्राहकांपुरता आहे’ हे वाक्य उपयोगी आहे. ‘हे सगळे प्रकाशकांची जाहिरात करण्यासाठी चालले आहे’ असा पुराव्याविना हेतूचा आरोप मात्र कोणाच्याच कामाचा नाही, आणि त्याला उत्तर देण्याचे बंधन आयोजकावर नाही. टीकाकाराने प्रश्नाचा क्रमांक सांगावा, अडचण सांगावी आणि पर्यायी प्रश्न सुचवावा. इतके ज्याने केले त्याने आयोजकाचे काम हलकेच केलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. सर्वांना सामावून घेण्याच्या नादात प्रश्नांची धारच जाते, असे काही जण म्हणतात. 2019 ची यादी त्यांच्या बाजूने साक्ष देते. त्या वर्षी प्रश्न गेले आणि रोज एक शब्द आला: प्रथम, अवकाश, प्राचीन, दार, स्वप्न. यात कोणालाच वगळलेले नाही, पण ‘दार’ या एका शब्दावर काय लिहायचे, असे वाटून नवखा माणूस थबकतो. ‘कायम लक्षात राहिलेला पात्राचा मृत्यू’ या 2014 मधल्या प्रश्नावर मात्र कोणीही भरभरून बोलेल, कारण त्यामागे टेबलावर घडलेला एक प्रसंग असतो. तेव्हा मोघमपणा हा टीकेवरचा उपाय नव्हे.

उपाय कसा असतो ते 2023 च्या, म्हणजे दहाव्या वर्षीच्या यादीत दिसते. पहिल्या वर्षीचे प्रश्न परत आले, पण बदलून. संग्रहातल्या जुन्या वळणाच्या खेळाच्या जागी तुम्ही खेळलेला सर्वांत जुना खेळ आला. सर्वांत विचित्र खेळ आता संग्रहातला राहिला नाही, खेळलेला झाला. दुर्मीळ खेळाच्या जागीही अपरिचित पण खेळलेला खेळ आला. हा बदल टीकेमुळे झाला की आयोजकाच्या स्वतःच्या विचाराने, हे दोन याद्या शेजारी ठेवून ठरवता येत नाही. पण प्रश्न टोकदार राहिला आणि दार रुंदावले, हे उघड आहे. यासाठी खुलाशांची लांबलचक पत्रके लागली नसती. यादीच बोलली.

उलटे उदाहरणही समोर आहे. नोव्हेंबरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहिण्याचा ‘नॅनोरायमो’ हा उपक्रम 1999 मध्ये अवघ्या 21 जणांनी सुरू केला आणि तो जगभर पसरला. 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबद्दल वाद झाला, तेव्हा या तंत्राचा सरसकट निषेध करण्यात वर्गीय आणि अपंगविरोधी छटा आहेत, अशी भूमिका संस्थेने मांडली. म्हणजे ज्यांनी आक्षेप घेतला त्यांच्याच मनात खोट असल्याचे सुचवले. लेखक मंडळातल्या काहींनी राजीनामे दिले. 2025 मध्ये संस्था बंद झाली. त्यामागे पैशांची तंगी होती, आधीचे गंभीर वादही होते, त्यामुळे सगळे खापर एका निवेदनावर फोडणे बरोबर नाही. पण अडचणीच्या काळात जे लोक पाठीशी उभे राहिले असते, त्यांनाच त्या निवेदनाने दुखावले.

उरला तिसरा आक्षेप: टीकाकारांनी स्वतःची यादी करावी. अवश्य करावी, त्याने छंद समृद्धच होईल. पण सगळे एकाच दिवशी एकाच प्रश्नावर लिहितात आणि एकमेकांची उत्तरे वाचतात, यातच अशा उपक्रमाची गंमत आहे. वेगळी चूल मांडली की ती कमी होते, म्हणून समाईक यादी सुधारण्याचा आग्रह रास्त आहे. 2023 च्या यादीतही या वर्षीची पहिली खरेदी आणि सर्वांत अलीकडची खरेदी हे दोन प्रश्न लागोपाठ उरलेच आहेत. त्यांतला एक राहू द्यावा. दुसऱ्याच्या जागी हा प्रश्न घालून पाहावा: दुसऱ्याच्या पुस्तकावर, दुसऱ्याच्या फाशांनी तुम्ही खेळलेला कोणता खेळ तुम्हाला अजून आठवतो?