घर सुरतेत, कागद गावाकडे

नवापूरचं रेल्वे स्टेशन आपल्याला रील्समधून पाठ झालंय. फलाट काही महाराष्ट्रात, काही गुजरातेत. बाकड्यावर दोन्ही राज्यांची नावं. पण त्याच ताप्ती लाईनने धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या उधना-सुरतेला उतरतायत. त्यांच्या पोरांचं पुढे काय होतं, यावर कुणी रील करत नाही.

लिंबायत, डिंडोलीत एक चक्कर मारा. "कसा शे भाऊ?" कानावर पडेलच. बाप मिलमध्ये, आई घरी साड्यांना लेस लावते. सकाळी नाश्त्याला लोचो, रात्री कळण्याची भाकरी. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्याचे. मराठी बोललं म्हणून कुणी डोळे वटारत नाही. बेळगावच्या मित्रांना खरं वाटणार नाही, पण असंच आहे.

अडतं ते बारावीनंतर.

समजा, नंदुरबारचं एक भिल्ल कुटुंब. आजोबा सुरतेला आले, नातू तिथेच जन्मला, तिथेच शिकला. भिल्ल जमात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. तरी गुजरातेत त्याला आरक्षण नाही, कारण घराणं महाराष्ट्राचं. सुप्रीम कोर्टाने 1990 मध्ये हेच सांगितलं: यादी राज्यागणिक असते, स्थलांतर केलं की सवलत सोबत येत नाही. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. स्थानिकांच्या जागा बाहेरच्यांनी खाऊ नयेत. ठीक. मग पोरगा महाराष्ट्रात अर्ज करतो. मेडिकलला राज्याच्या कोट्यातून जायचं तर दहावी-बारावी महाराष्ट्रातली लागते. म्हणजे तिकडे हा महाराष्ट्राचा, इकडे हा गुजरातचा. केंद्राच्या भरतीत गावचा दाखला चालतो, पण तो काढायला रोजंदारी बुडवून तहसीलला किती खेपा मारायच्या?

कर्नाटकच्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्र आपल्या प्रवेशप्रक्रियेत वेगळी वाट देतो. द्यायलाच हवी. तो प्रश्न वादग्रस्त भागाचा आहे, सुरतेचा नाही. सुरतेवर आपला दावा नाही आणि नसावा. पण परराज्यात शिकलेल्या मराठी मुलासाठी नियम वाकवता येतो, हे त्यातून सिद्ध झालंय ना? मग ज्याचा जातीचा दाखला महाराष्ट्राचा आहे आणि जो सुरतेत मराठी माध्यमात शिकलाय, त्याच्यासाठी दहावी-बारावीची अट शिथिल करा. एवढंच मागणं आहे.

निवडणूक आली की महाराष्ट्रातले पुढारी सुरतेला जाऊन खान्देशी मेळावे घेतात. आता कुणी आला की भाषण संपल्यावर हा एकच प्रश्न विचारा. आणि भाऊ, अहिराणीत विचारा.