शहर सोडले, शिक्षण सोडले नाही

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. रात्री जेवणे आटोपली होती आणि आमच्या चाळीतले एक शेजारी दारात उभे राहिले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काम करणारा कष्टाळू माणूस. चेहरा उतरलेला.

"भाऊ, पोरीचा फोन होता. म्युनिक सोडते म्हणते. चौदा लाखांचं कर्ज आहे डोक्यावर. आता काय करायचं?"

मुलगी ऑक्टोबर २०२४ मध्ये एम.एस्सी. करायला जर्मनीतल्या म्युनिक शहरी गेली होती. जाण्याआधी आम्ही विहारात तिचा सत्कार केला. माईकवर "म्युनिक, म्युनिक" करणारा मीच होतो.

मी म्हटले, "आधी तिच्याशी बोलू." फोन लावला.

"जय भीम काका. मी परत येत नाहीये. येना नावाच्या लहान गावातल्या विद्यापीठात मला त्याच विषयाला प्रवेश मिळालाय. इथं मला परवडत नाही."

मी कारकून माणूस. म्हटले, आकडे सांग. तिने सांगितले ते मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. व्हिसासाठी तिने बँकेत वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवले होते. त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. म्युनिकमधल्या खोलीचे भाडे ७६० आणि आरोग्य विम्याचे १४५. उरले ८७ युरो. त्यात महिनाभराचे खाणे, प्रवास, पुस्तके, फोन! म्हणून ती रोज संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासत होती. परदेशी विद्यार्थ्याला तिथे वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, ते सगळे तिने वापरायला काढले. रात्री बाराला खोलीवर येणार, सकाळी वर्गात डुलक्या. दोन पेपर गेले.

येनाला विद्यार्थी वसतिगृहात ३०० युरोत खोली मिळत होती. विमा धरून ४४५. उरतात ५४७. मी कॅलेंडर तिच्या वडिलांपुढे धरले. ते बराच वेळ बघत राहिले. मग एवढेच म्हणाले, "वर्षभर बोलली का नाही?"

पलीकडून आवाज आला, "बाबा, तो सत्काराचा फोटो आहे ना माझ्याकडं. तो बघितला की सांगायची हिंमत होत नव्हती."

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. आपण मुलांच्या गळ्यात हार घालतो आणि त्याचे ओझे किती होते ते विचारत नाही. मोठे शहर म्हणजे मोठे शिक्षण, असे आपण धरून चालतो. म्युनिकची वस्ती पंधरा लाखांच्या घरात, येनाची जेमतेम एक लाखावर. पण येनाचे विद्यापीठ १५५८ सालचे आहे आणि भिंगांसाठी जगभर नाव असलेल्या कार्ल झाइस यांनी १८४६ मध्ये आपला कारखाना याच गावात काढला. गाव लहान असले म्हणून विद्या लहान होत नाही.

आणि शिक्षणाची वाट सरळ असते असे कोणी सांगितले? शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२२ मध्ये लंडनहून जर्मनीत जाऊन ऱ्हाइन नदीकाठच्या बॉन विद्यापीठात त्यांनी नाव घातले. तो मुक्काम थोडा ठरला. पुन्हा लंडन, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. थांबणे, गाव बदलणे, परत येणे हे सारे त्यांच्याही वाटेवर होते.

मात्र शहर बदलायचे तर कागद आधी सांभाळावेत. आमच्या मुलीने खोली सोडण्याची सूचना २ जुलैला ई-मेलने दिली. जर्मनीत घर सोडण्याची सूचना सहीच्या कागदावरच लागते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हाती पडावी लागते. मग तो महिना आणि पुढचे दोन धरून मुदत संपते. तिचा कागद पोचला ९ तारखेला. एका महिन्याचे जादा भाडे, आपले पाऊण लाख रुपये, फुकट गेले. अनामतीचे पैसेही लगेच हातात पडत नाहीत. नव्या गावी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत तिथल्या नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्याला घर देणाऱ्याचा दाखला लागतो. निवास परवाना देणाऱ्या कार्यालयाला विद्यापीठ बदलण्याआधीच विचारावे. कर्ज असेल तर बँकेला कळवावे. शिष्यवृत्तीवर गेलेल्यांनी तर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचे लेखी उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलू नये.

लहान गावात सगळे गोडच आहे असेही नाही. आधीचे सगळे विषय धरले गेले नाहीत, तिचे एक सत्र वाढले. दुकानात, दवाखान्यात इंग्रजीवर भागत नाही, जर्मन बोलावेच लागते. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो आणि मराठीत दोन शब्द बोलायला माणूस नसतो. शिवाय येना ज्या थुरिंगिया प्रांतात आहे तिथे २०२४ च्या निवडणुकीत परदेशी लोकांच्या येण्याला विरोध करणारा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. आईने हेच पहिल्यांदा विचारले. मुलगी म्हणाली, "आई, विद्यापीठात माणसं चांगली आहेत. रात्री उशिरा एकटी हिंडत नाही." आईचा जीव एवढ्याने थंड होत नाही, पण लेक खरे सांगते आहे हे तिला कळले.

ऑक्टोबरमध्ये ती येनाला गेली. आता आठवड्यातून दोनच संध्याकाळी काम करते, बाकी वेळ ग्रंथालयात.

वाचकहो, आपले लेकरू परदेशातून फोनवर "जमत नाही" म्हणाले, तर "लोक काय म्हणतील" हा प्रश्न गिळून टाका. आधी विचारा, "जेवलीस का? भाडं किती जातं?" आमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर ते कॅलेंडर अजून आहे. वर्ष संपले तरी त्यांनी काढलेले नाही.