मेंढी केव्हा टाकावी?

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होतात आणि अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर घरोघरी पत्त्यांचे डाव रंगतात. त्यांतील मेंढीकोट हा खेळ करमणुकीचा खरा. तथापि व्यापारी कुटुंबाने त्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला १३ पाने. दश्शी म्हणजे मेंढी. चारपैकी तीन मेंढ्या मिळवणारा पक्ष जिंकतो. दोन-दोन झाल्यास अधिक हात करणारा. दश्शीवर गुलाम, राणी, राजा व एक्का भारी असतात. म्हणजेच सर्वांत मोलाचे पान स्वतःच्या बळावर सहसा हात जिंकत नाही. ते भिडूच्या हातावर टाकावे लागते.

समजा, एखाद्याजवळ बदामाची दश्शी आणि दोन हलकी बदामे आहेत. भिडूने बदामाचा एक्का उतरला, मधल्या प्रतिस्पर्ध्यानेही बदामच टाकले. आता भय एकच: शेवटच्या प्रतिस्पर्ध्याजवळ बदाम नसले तर? कट हुकूमाच्या पद्धतीत तो टाकेल त्या रंगाचा हुकूम होईल आणि मेंढी जाईल. अन्य काही सुगावा नसताना ही शक्यता १०० मध्ये सुमारे २ इतकीच असते. दश्शी राखून ठेवली, सर्वांनी बदाम दिले आणि दुसऱ्या फेरीत भिडूने राजा उतरला, तर तीच शक्यता ९ च्या वर जाते. तिसऱ्या फेरीत राणीवर टाकायची म्हटले, तर ती ४१ च्या घरात पोहोचते. पान तेच, भिडू तोच. केवळ थांबण्याने जोखीम वीसपट झाली. जपून ठेवणे म्हणजे सुरक्षित ठेवणे, हा समज येथे खोटा ठरतो.

परंतु शक्यतेचे गणित हा हिशेबाचा अर्धाच भाग होय. प्रतिस्पर्ध्यांकडे आधीच दोन मेंढ्या असतील, तर तिसरी गमावताच डाव संपतो. आपल्याकडे दोन असतील, तर एक गेली तरी डाव जिवंत राहतो, आणि साधली तर जिंकलाच. जोखीम दोन्हीकडे सारखी असूनही पहिल्या स्थितीत ९ देखील फार, तर दुसऱ्या स्थितीत ४१ देखील प्रसंगी पत्करण्याजोगे.

या किनाऱ्यावरील गलबतांच्या व्यापारालाही हेच गणित लागू होते. नारळी पौर्णिमेपूर्वी निघणाऱ्याला वादळाचे भय, फार उशिरा निघणाऱ्याला उतरलेल्या भावाचे. प्रश्न केवळ वादळ होईल की नाही एवढाच नसे. गलबत बुडाले तर पेढी उभी राहील काय, हाही असे.

आजची मेंढी म्हणजे राहते घर तारण ठेवून घेतलेले कर्ज, अथवा एकाच मालात गुंतवलेले सारे भांडवल. अशा व्यवहारापूर्वी कुटुंबाने दोन आकडे वेगवेगळे मांडावेत: नुकसान होण्याची शक्यता किती, आणि झाल्यास उरेल किती. पहिला आकडा लहान आहे म्हणून दुसरा विसरणारा शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा यशस्वी होतो. मात्र उरलेल्या दोन वेळांत पुढचा डाव मांडण्यास त्याच्याजवळ पानेच उरत नाहीत.